चाळीस हजाराच्या चाकूत नेमकं काय असतंय

चाकू महाग आहे म्हणजे तो जास्त चांगला कापतो असं ज्याला वाटतंय त्यानं लिमिटेड एडिशनच्या नादाला लागूच नये, सरळ सांगतो. कापण्यापुरता चाकू दोन-अडीच हजारात मिळतो. व्हिक्टोरिनॉक्सचा साधा स्पार्टन घ्या, नाहीतर फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल, जो १८९० पासून जवळपास त्याच रूपात बनतोय, नाहीतर स्वीडनचा मोरा. आंबा, दोरी, पुठ्ठा, शेतातली पाइप, काय कापायचं ते कापा. याच्यावर जो पैसा जातो तो कापण्याचा नसतो, दुसऱ्याच कशाचा तरी असतो, आणि तो कशाचा हे न बघता घेतलं की मग लोक "फसलो" म्हणतात.

मी बेळगावात उद्यमबागेत (औद्योगिक वसाहतीत) टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात आहे, दिवसभर लोखंडात हात असतात, त्यात चाकूंचा नाद, म्हणून मला हा प्रश्न वरचेवर येतोय की बाबा हे नंबर कोरलेले, डबीत घालून येणारे, पाचशे-हजार डॉलरचे चाकू घ्यायच्या लायकीचे असतात काय. माझं म्हणणं असं आहे की कामाचे पैसे द्यावेत, नंबराचे देऊ नयेत. आता हे जरा उलगडून सांगतो कारण यातलं काम कुठलं आणि नंबर कुठला हे ओळखणंच अवघड करून ठेवलंय विकणाऱ्यांनी.

आधी धारेचं बघू. इंग्लंडात शेफील्डला काट्रा म्हणून एक संस्था आहे, त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं एक टेस्टिंग मशीन असतंय, सिलिका मिसळलेल्या कार्डाच्या गठ्ठ्यावर पातं मागंपुढं घासत जातं आणि एकूण किती मिलिमीटर कापलं ते मोजलं जातं. अमेरिकेतला लॅरिन थॉमस नावाचा मेटलर्जिस्ट आहे, ज्यानं मॅग्नाकट हे स्टील डिझाइन केलं, २०२१ ला बाजारात आलं ते, त्यानं या पद्धतीनं ढीगभर स्टीलं तपासलीत. त्यात एक गोष्ट अशी निघाली की स्टील भारी असेल तर धार जास्त टिकते हे खरं, पण धारेचा कोन किती बारीक ठेवलाय याचा फरक इतका मोठा पडतो की साध्या स्टीलची बारीक धार, भारी स्टीलच्या जाड धारेला मागं टाकू शकते. आणि हे महागडे कलेक्टर चाकू बऱ्याचदा धारेच्या मागं चांगलेच जाड असतात, का तर पातं तुटून परत येऊ नये! म्हणजे चाळीस हजाराचा चाकू टोमॅटोवर दाबून बसतो आणि ओपिनेल सर्रकन जातो. हे मी स्वतः दोन्ही हातात धरून बघितलंय, सौ. साक्षीला आहेत, त्यांनी वर "एवढ्यात मिक्सर आला असता" हेही ऐकवलं.

पण म्हणून "आमच्या लोहाराचा कोयता भारी आणि अमेरिकन चाकू फालतू" असलं मी म्हणणार नाही. असली पोस्ट टाकली की लाइक लई मिळतात. खानापूर-नंदगडकडं बाजारात जीपच्या पाट्याचा कोयता तीन-चारशेला मिळतो, चिकोडी-संकेश्वर भागात ऊसतोडीला तसलेच कोयते सगळा हंगाम चालतात, स्प्रिंग स्टील म्हणजे मूळ माल उत्तमच की. पण लोहार पाणी देतो, म्हणजे तापवून विझवून कडक करतो, ते डोळ्यानं रंग बघून. एका कोयत्याला पाणी असं बसतं की दगडावर आपटला तरी धार वळत नाही आणि त्याच भट्टीतला दुसरा पहिल्याच दिवशी दातरतो. चांगल्या कंपनीच्या चाकूला व्हॅक्यूम फर्नेस, ठरलेलं तापमान, ठरलेला वेळ, मग टेम्परिंग (ठिसूळपणा जावा म्हणून परत मंद तापवणं), आणि कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर हार्डनेस ६० म्हणजे ६०, शंभर चाकू घ्या, एखाद्या पॉइंटचा फरक. ही खात्री फुकट येत नाही. तिचे पैसे द्यायला माझी काही हरकत नाही.

आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो, ती म्हणजे फिटिंग. ख्रिस रीव्ह हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा कारागीर, १९८९ मध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यात बॉयझीला गेला, आणि त्यानं सेबेंझा नावाचा घडीचा चाकू आणला. साधा प्लेन सेबेंझा आज पाचशे डॉलरच्या आसपास आहे म्हणजे नाही म्हटलं तरी चाळीस हजार. दिसायला काय? दोन राखाडी पट्ट्या आणि एक पातं. लांबून बघणाऱ्याला वाटेल हे तर आमच्या मच्छे-उद्यमबागच्या कुठल्याही शॉपमध्ये होईल. मलाही तसं वाटायचं, खोलून बघेपर्यंत.

त्याच्या पिव्होटमध्ये, म्हणजे पातं ज्या खिळीवर फिरतं तिथं, एक बुश म्हणजे छोटी नळी असते. साध्या घडीच्या चाकूत काय होतं की स्क्रू आवळला की पातं जाम होतं, सैल केला की पातं हलतं, मग आपण पाव फेरा इकडं पाव फेरा तिकडं करत बसतो. सेबेंझाचा स्क्रू पूर्ण आवळायचा, पार शेवटपर्यंत, तरी पातं मोकळं फिरतं आणि आडवं हलवलं तर अजिबात हलत नाही. हे होतंय कशामुळं, तर ती बुश, पात्याची जाडी आणि दोन्ही बाजूचे ब्रॉन्झ वॉशर यांचा मेळ मायक्रॉनच्या हिशोबात बसवलेला असतो, पातं आणि वॉशर मिळून जेवढी जाडी होते त्यापेक्षा बुश नखभरसुद्धा नाही, केसाच्या काही भागाइतकीच जास्त लांब ठेवायची, जास्त झाली की पातं खडखडतं, कमी झाली की जाम. ज्यानं सरफेस ग्राइंडरवर दिवस काढलेत त्याला हे वाचून घाम फुटला पाहिजे, कारण एक नग असा काढणं वेगळं आणि रोज, वर्षानुवर्षं, प्रत्येक नग असाच काढणं वेगळं. आमच्याकडं हायड्रॉलिकचे पार्ट करणारी पोरं आहेत, हट्टरगीला विमानाचे पार्ट करतात, त्यांना विचारा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अर्धा केला की रेट कितीला जातो. अर्धा टॉलरन्स म्हणजे दुप्पट पैसे असं गणित नसतंय, रिजेक्शन वाढतं, इन्स्पेक्शन वाढतं, मशीनचा वेग उतरवावा लागतो, आणि जो माणूस हे करू शकतो तो आदल्या पगारात थांबत नाही.

त्यात मूठ टायटॅनियमची. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही त्यामुळं कटिंगची सगळी गरमी टूलच्या टोकाला बसते, एंडमिल लवकर जाते, आणि ते चिकटतंय पण टूलला, कूलंट जरा कमी पडला की जॉब खराब. लॉक कसलं, तर त्या मुठीचीच एक बाजू कापून स्प्रिंगसारखी केलेली असते, तीच आत सरकून पात्याच्या मागं बसते. याच्या आधी मायकेल वॉकर नावाच्या अमेरिकन कारागिरानं आतल्या पातळ पट्टीचं लॉक केलं होतं, रीव्हनं ती पट्टीच मुठीत घेतली. आज जगातले निम्मे महागडे घडीचे चाकू याच पद्धतीचे असतील. तो कोन जरा चुकला तर लॉक एकतर सटकतं नाहीतर इतकं अडकतं की अंगठ्याची साल जाते. हे सगळं चाळीस हजारात? मला विचाराल तर ठीक आहे. स्वस्त नाही, पण ठीक आहे. ज्या देशात मशिनिस्टला तासाला आपल्या दिवसभराच्या पगाराएवढे मिळतात तिथं बनलेली ही वस्तू आहे.

एक गोष्ट मात्र आता बदललीय ती सांगायला पाहिजे. चीनमध्ये ग्वांगडाँगला यांगजियांग शहर आहे, चाकूचंच शहर म्हणतात त्याला, तिथल्या चांगल्या कारखान्यांचं काम आता या दर्जाच्या इतकं जवळ आलंय की हातात देऊन विचारलं तर मीसुद्धा दरवेळी ओळखीन असं नाही, आणि किंमत निम्मी किंवा त्याहून कमी. त्यामुळं "असं काम दुसरीकडं होतच नाही" हा जुना युक्तिवाद आता चालत नाही. अर्थात तिथूनच नकलाही येतात, सेबेंझाच्या लोगोसकट, चार हजारात. चार हजारात कुणी सेबेंझा देत असेल तर तो सेबेंझा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बरं, हे झालं प्लेन चाकूचं. लिमिटेड एडिशन म्हणजे यावर काय? ह्यूस्टनला माझा मावसभाऊ असतो, त्यानं परवा फोटो पाठवला, कुठल्यातरी कंपनीचा, नाव राहू दे, मूठ निळी-जांभळी, पात्यावर नंबर. प्लेनपेक्षा अडीचशे डॉलर जास्त. खाली मेसेज, "दादा, घेऊ की नको सांग की लवकर, दोनशेच नग आहेत, शुक्रवारी संध्याकाळी निघणार आणि पाच मिनिटात संपणार." मी विचारलं स्टील वेगळं आहे काय, नाही म्हणाला, फिटिंग वेगळं काय, तेच. मग फरक रंगाचा. आता टायटॅनियमचा रंग कसा येतो हे आमच्या शॉपमधल्या कुठल्याही पोराला दाखवलं तर तो हसेल. सोडा किंवा ट्रायसोडियम फॉस्फेट घातलेलं पाणी, त्यात जॉब बुडवायचा, डीसी करंट द्यायचा, झालं. रंग म्हणून काही लावतच नाहीत, वर ऑक्साइडचा पारदर्शक थर बसतो आणि त्याच्या जाडीवर कुठला प्रकाश परत येणार ते ठरतं, व्होल्टेज वाढवत जाल तसा सोनेरी, जांभळा, निळा, पुढं हिरवा. पंचवीस-तीस व्होल्टला निळा येतो. वेळ? मिनिटभरसुद्धा नाही. तयारी, साफसफाई, मास्किंग धरून नीट करायला वेळ लागतो हे कबूल, डिझाइन असेल तर कला पण लागते, पण अडीचशे डॉलर? मी त्याला म्हटलं प्लेन घे आणि इकडं येशील तेव्हा आण, डीसी सप्लाय शॉपमध्ये पडूनच आहे, तुला पाहिजे तसला निळा करून देतो. त्यावर तो म्हणतो, "पण नंबर नसणार की दादा." म्हणजे त्याला चाकू नकोच होता, नंबर पाहिजे होता. इथं आमचं बोलणं थांबलं.

नंबराला किंमतच नसते असं नाही, पण ती कोण ठरवतो ते बघा. पेनसिल्व्हेनियाची केस नावाची जुनी कंपनी आहे, त्यांनी १९७० मध्ये पात्याच्या बुडाशी शिक्क्याखाली दहा ठिपके मारायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत गेले, त्यामुळं आज जुना चाकू हातात घेतला की ठिपके मोजून साल सांगता येतं. त्यांचे संग्राहक म्हणजे शोधकरी लोक, कुठल्या साली कुठली मूठ होती, कुठला नमुना थोडाच बनला, हे खणून काढणारे. तो दुर्मिळपणा काळानं आणलेला. पुण्याच्या राजा केळकर म्युझियममध्ये अडकित्ते ठेवलेत ते बघा, पितळी, लोखंडी, नक्षीचे, ते घडवणाऱ्यानं कुणी "फक्त शंभर नग" म्हणून जाहिरात केली नव्हती, सुपारी फोडायला केले, लोकांनी वापरले, बाकीचे मोडीत गेले, राहिले ते दुर्मिळ. आणि इकडं कंपनी आधीच ठरवते की हे दुर्मिळ आहे. मग पुढच्या महिन्यात त्याच चाकूचा हिरवा काढते, तोही दोनशे. त्याच्या पुढच्या महिन्यात तांब्याच्या मुठीचा. वर्षाअखेर बघितलं तर त्या एकाच मॉडेलचे दोन-अडीच हजार "दुर्मिळ" चाकू बाजारात फिरत असतात. स्पायडर्को वगैरे कंपन्या ठरावीक काळापुरतं वेगळं स्टील घालून चाकू काढतात त्याला ते स्प्रिंट रन म्हणतात, त्यात निदान स्टील तरी बदलतं, काहीतरी वेगळं वापरून बघायला मिळतं, ते मला पटतंय.

डॅमस्कसचं, म्हणजे लाटांची नक्षी असलेल्या पोलादाचं, पण असंच. लिमिटेड म्हटलं की पात्यावर लाटा पाहिजेतच. ऐतिहासिक डॅमस्कसच्या तलवारींचं पोलाद आपल्या दख्खनच्या मुशीत बनून इराण-अरबस्तानाकडं जायचं, वूट्झ म्हणतात ते, त्यावर मायकेल फॅराडेनंसुद्धा प्रयोग केले होते. अलीकडं मेटलर्जिस्ट व्हरहोवेन आणि लोहार पेंड्रे या जोडीनं दाखवलं की त्या लाटा धातुकात (खाणीतल्या कच्च्या मालात) असलेल्या व्हॅनेडियमसारख्या घटकांच्या नगण्य अंशामुळं उठायच्या, म्हणजे खाण बदलली की जादू गेली. आज चाकूवर जो डॅमस्कस मिळतो तो हा नव्हे. तो दोन वेगळी स्टीलं, बहुतेक वेळा १०९५ आणि निकेलवालं १५एन२०, थरावर थर ठेवून ठोकून जोडतात आणि शेवटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात की एक काळं पडतं, दुसरं चमकत राहतं. सुंदर दिसतंय, वाद नाही. पण चांगल्या साध्या पात्यापेक्षा जास्त कापत नाही. ज्याला सुंदर दिसण्याचे पैसे द्यायचेत त्यानं खुशाल द्यावेत, पैठणी काय कुणी थंडी वाजते म्हणून घेत नाही. अमेरिकेत विल्यम हेन्री नावाची कंपनी तर मॅमथच्या लाखो नाही तरी हजारो वर्षं जुन्या दाताची मूठ लावते, ते खिशातले दागिनेच आहेत आणि ते दागिने म्हणूनच विकतात. हे मला प्रामाणिक वाटतंय. चीड येते ती "टॅक्टिकल", "कमांडो" म्हणून दागिना विकणाऱ्यांची. आमच्याकडं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आहे, गावागावात माजी सैनिक आहेत, त्यातल्या एकाला तसला कमांडो चाकू दाखवला, त्यांनी उलटसुलट केला आणि विचारलं, "टिन उघडतंय काय यानं?"

एकाच माणसाच्या हातचं काम असेल तिथं मात्र माझा सूर बदलतो. बिल मोरान नावाच्या लोहारानं १९७३ मध्ये थरांचा डॅमस्कस अमेरिकेत परत लोकांपुढं आणला आणि १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी उभी राहिली. त्यांची परीक्षा वाचली तेव्हा मी चाटच पडलो. स्वतः घडवलेल्या चाकूनं लोंबती एक इंच जाड दोरी एका फटक्यात तोडायची, मग जाड लाकडाच्या फळ्या तोडायच्या, एवढं झाल्यावर त्याच धारेनं हातावरचे केस उतरले पाहिजेत, आणि शेवटी तेच पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंशात वाकवायचं, तुटलं तर नापास. म्हणजे पास झाला तरी चाकू गेलाच. मास्टर व्हायचं असेल तर ही परीक्षा किमान ३०० थरांच्या डॅमस्कसच्या पात्यावर. एकाच पात्यात कडक धार आणि मऊ पाठ, दोन्ही पाणी देण्याच्या कौशल्यावर. असा शिक्का असलेल्या माणसाचा चाकू लाख रुपयाला असेल तर मी किमतीवर बोलणार नाही, माझ्याकडं नाहीत एवढंच म्हणेन. हातानं चाकू घडवणारा अमेरिकन कारागीर बॉब लव्हलेस २०१० मध्ये गेला, त्याच्या हातच्या चाकूंचे भाव त्याच्या हयातीतच गाडीच्या किमतीला पोचले होते, आणि ते पुढं खाली येण्याचं कारण नाही कारण आता नवीन होणारच नाहीत. कंपनीच्या दोनशे नगांना हे लागू होत नाही, कंपनी सोमवारी परत उघडते.

आता आपल्याकडचं. "घेऊन ठेव, भाव वाढेल" हे यूट्यूबवर ऐकून जे विचारतात त्यांनी एक करावं, बेळगावात, कोल्हापुरात, अगदी पुण्यात तो चाकू विकत घेणारा दुसरा माणूस शोधून दाखवावा. बाजार आहे तो तिकडं अमेरिकेत, डबी, कागद, बर्थ कार्ड (चाकू कधी बनला ते लिहिलेलं कार्ड) सगळं शाबूत पाहिजे, पात्यावर एक ओरखडा दिसला की भाव पडला. इथं आणताना ड्युटी आणि जीएसटी भरून किंमत आणखी चढते, आणि परत पाठवायची म्हणजे कुरिअरवाला चाकू म्हटल्यावर हातच लावत नाही. त्यामुळं आपल्यासाठी रिसेल व्हॅल्यू शून्य धरून चालायचं आणि मग विचारायचं की तरी पाहिजे काय. कायद्याचं पण जरा बघून घ्या, आर्म्सच्या नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची सुरी, घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामासाठीची नसेल तर ती शस्त्रात मोडते. घडीचे चाकू तीन-चार इंचाचे असतात त्यामुळं बहुतेक प्रश्न येत नाही, पण मोठे बॉवी (लांब-रुंद पात्याचे शिकारी चाकू) वगैरे मागवणाऱ्यांनी आधी चौकशी करावी, आणि निवडणूक-गणपतीच्या बंदोबस्तात खिशात घालून खडेबाजारात फिरू नये, तिथं हवालदाराला टॉलरन्स समजावून सांगता येत नाही.

आणि घेतलातच तर आमच्या हवेचं लक्षात ठेवा, हे तिकडचे लोक सांगत नाहीत कारण त्यांच्याकडं खानापूरसारखा पाऊस नाही. कार्बन स्टीलचा डॅमस्कस चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवला की जूनमध्ये ठेवलेला सप्टेंबरात काढेपर्यंत त्यावर तांबेरा, चामडं ओल धरून ठेवतं आणि कमवायला वापरलेली रसायनं त्यात भर घालतात. माझ्या ओळखीच्या एकानं तर खंडेनवमीला पूजेत ठेवला, हळदकुंकू, पाणी, सगळं झालं, आणि तसाच पुसून डबीत. महिन्यानं लाटांबरोबर बेटंही दिसायला लागली. म्यान वेगळं, चाकू वेगळा ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. खोबरेल लावू नका, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. नुसता ठेवायचा असेल तर शॉपमध्ये पार्ट पॅक करताना मारतो ते आरपी ऑइल, म्हणजे गंज रोखणारं तेल, बेस्ट, फळं कापायची असतील तर मात्र खाण्याला चालणारं मिनरल ऑइल मेडिकलमधून आणा. आरपी ऑइल सुट्टं मिळत नाही, वीस लिटरचा कॅन घ्यावा लागतो, त्यामुळं उद्यमबागेकडं येणार असाल तर छोटी बाटली घेऊन या, भरून देतो.